शाळेंतून विधिमंडळाकडे जाणाऱ्या दोन वाटा

खेड्यांतील शिक्षकाचा पेशा आणि राजकारण यांचें नातें जुनें आहे. शेतकऱ्याचा अर्ज लिहून देणें, सरकारी कागद वाचून दाखविणें, मुलाच्या पुढील शिक्षणाविषयीं सल्ला देणें हीं कामें ज्याच्याकडे आपोआप येतात, त्याच्या शब्दाला गांवांत वजन प्राप्त होतें. आणि हेंच वजन कालांतरानें मतांत उतरतें. परंतु शाळेंतून विधिमंडळाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. त्यांपैकीं कोणती धरली यावर तो प्रतिनिधि पुढें कोणाला जाब देईल हें ठरतें. शेतकरी बंधूंनीं हा भेद नीट ओळखावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

पहिली वाट विधानपरिषदेची. राज्यघटनेच्या 171 व्या कलमानें परिषदेंतील सुमारें बारावा हिस्सा शिक्षकांनीं निवडून द्यावयाचा आहे. त्याप्रमाणें महाराष्ट्राच्या 78 सभासदांच्या परिषदेंत शिक्षक मतदारसंघांच्या 7 जागा आहेत. मतदार होण्यासाठीं मागील सहा वर्षांत एकूण तीन वर्षें माध्यमिक अगर त्यावरील दर्जाच्या संस्थेंत शिकविलेलें असावें लागतें. आपला भंडारा जिल्हा नागपूर विभागाच्या शिक्षक मतदारसंघांत मोडतो. येथून श्री. नागो गाणार दोन वेळां निवडून आले. 2023 सालीं श्री. सुधाकर अडबाले यांनीं त्यांचा पराभव केला. दोघेही शिक्षकांच्या संघटनांतून पुढें आलेले. मतदार शिक्षकच असल्यामुळें वेतन, निवृत्तिवेतन व शाळांचें अनुदान हे प्रश्न या जागेंत अग्रभागीं असावेत, यांत नवल नाहीं.

मात्र कोंढ्यासारख्या गांवीं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिकविणाऱ्या गुरुजींना या निवडणुकींत मतही नाहीं, कारण त्यांची शाळा माध्यमिक दर्जाची नव्हे. शिवाय 1967 च्या वर्तणूक नियमांनीं त्यांना राजकारणापासून दूर राहणें भाग आहे. उमेदवारी करावयाची तर नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो. मतदारांच्या याद्या करण्याचें आणि मतदान केंद्रावर बसण्याचें काम मात्र बहुधा त्यांच्याच माथीं येतें!

दुसरी वाट विधानसभेची. येथें सर्व प्रौढ मतदारांपुढें जावें लागतें, आणि आमच्या प्रांतीं मतदार म्हणजे बहुतांशीं धान पिकविणारा शेतकरी. या वाटेचें ठळक उदाहरण प्रा. महादेवराव शिवणकर यांचें. त्यांचें आमगांव त्या काळीं भंडारा जिल्ह्यांतच होतें. 1 मे 1999 रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यावर तें तिकडे गेलें. अध्यापनाच्या पेशाची खूण असलेली ‘प्राध्यापक’ ही उपाधि त्यांच्या नांवाआधीं राजकारणांतही कायम राहिली. आमगांवांतून ते अनेक वेळां विधानसभेवर निवडून आले. 1995 ते 1999 च्या सरकारांत पाटबंधारे आणि अर्थ हीं खातीं त्यांनीं सांभाळलीं. 2004 सालीं चिमूरमधून लोकसभेवरही गेले. त्याच सरकारच्या कारकीर्दींत, 1997 सालीं, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालें.

हा भेद केवळ मानाचा नव्हे, पैशाचा आहे. घटनेप्रमाणें खर्चाच्या मागण्या केवळ विधानसभेपुढें मतास टाकल्या जातात. धनविधेयक परिषद फार तर 14 दिवस ठेवूं शकते; तिच्या सूचना स्वीकारणें सभेवर बंधनकारक नाहीं. आपल्याच पवनी तालुक्यांत वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. त्या धरणासाठीं कोणाची जमीन गेली, कोणाचें सारें गांव उठलें. पाटचारीचा खर्च असो वा विस्थापितांचा मोबदला, त्या रकमेस मंजुरी देणारें सभागृह विधानसभा हेंच होय.

म्हणून उद्यां एखादे गुरुजी मत मागावयास आले, तर त्यांचा आदर अवश्य करावा, परंतु तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्या. आपण कोणत्या सभागृहांत जाणार? नोकरी सोडली, कीं रजेवर आहां? आणि आमच्या शेताच्या पाण्याची मागणी अंदाजपत्रकाच्या वेळीं आपण कशी मांडणार? वर्गांत विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना प्रश्नाचें उत्तर देण्यांत कमीपणा वाटूं नये.