मोटारगाडीचे वळणावरील वर्तन

मोटारगाडी सरळ मार्ग सोडून वक्र मार्गाने जाऊ लागली म्हणजे तिच्यावर कोणत्या प्रेरणा कार्य करतात, त्यांना टायर कसा प्रतिसाद देतात आणि गाडी चालकाला अपेक्षित असलेल्या मार्गावर कितपत टिकते, यांचा विचार या विषयात करतात. गाडीचे वस्तुमान व त्याची वाटणी, गुरुत्वमध्याची उंची, चाकांच्या आधारयंत्रणेची रचना, टायर, रस्त्याचा पृष्ठभाग आणि चालकाची कृती या सर्वांवर हे वर्तन अवलंबून असते. मात्र यांपैकी प्रत्येक घटकाचा परिणाम शेवटी टायर व रस्ता यांच्या स्पर्शक्षेत्रातूनच घडून येतो. साध्या मोटारगाडीच्या प्रत्येक टायरचे हे क्षेत्र सु. तळहाताएवढे असते.

वेग व प्रेरणा : निरूढीमुळे प्रत्येक गतिमान वस्तूची प्रवृत्ती सरळ रेषेत जाण्याची असते. गाडी वळवावयाची असेल, तर वळणाच्या मध्याकडे रोखलेली केंद्राभिमुख प्रेरणा तिच्यावर सतत कार्य करीत राहिली पाहिजे. वळताना प्रवाशाला आपण बाहेर फेकले जात आहोत असे वाटते. वस्तुतः त्याचे शरीर सरळ जाऊ पाहत असते व गाडी त्याच्याखालून आत वळत असते. आवश्यक केंद्राभिमुख प्रेरणा ही वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून वळणाच्या त्रिज्येने भागल्यास मिळते. उदा., १,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ५० मी. त्रिज्येच्या वळणावरून ताशी ३६ किमी. वेगाने जात असता २,००० न्यूटन, ताशी ५४ किमी. वेगाने जात असता ४,५०० न्यूटन व ताशी ७२ किमी. वेगाने जात असता ८,००० न्यूटन एवढी प्रेरणा लागते. म्हणजे वेग दुप्पट झाला की गरज चौपट होते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक सु. ०.८ धरल्यास या गाडीच्या टायरांना जास्तीत जास्त सु. ७,८०० न्यूटन प्रेरणा देता येते. त्यामुळे शेवटच्या वेगाला गाडी वळणावर राहू शकत नाही. रस्ता ओला असून गुणांक ०.४ पर्यंत उतरला, तर ही मर्यादा ताशी सु. ५० किमी. वेगालाच गाठली जाते. पावसाळ्यातील पहिल्या सरींनंतर रस्त्यावरील धूळ व तेल यांचा निसरडा थर बनतो, तेव्हा धोका विशेष असतो.

रस्त्याची आखणी : वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे गाडीच्या वजनाचा काही अंश वळणाच्या मध्याकडे कार्य करतो व टायरांवरील भार तेवढा हलका होतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार हा आडवा उतार सपाट प्रदेशात ७ टक्क्यांपर्यंत व हिमवृष्टी नसलेल्या डोंगराळ भागात १० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो आणि आखणीसाठी आडव्या घर्षणाचा गुणांक केवळ ०.१५ धरतात. या हिशेबाने घाटातील ५० मी. त्रिज्येच्या वळणाला ताशी सु. ४० किमी. वेग योग्य ठरतो. हा आकडा व वर दिलेली मर्यादा यांतील अंतर पाऊस, झिजलेले टायर, रस्त्यावरील खडी व चालकाची चूक यांसाठी राखून ठेवलेले असते. ते वेगासाठी वापरल्यास चुकीला जागा उरत नाही.

टायरचे कार्य : अगदी मंद गतीने वळताना चाके ज्या दिशेला रोखलेली असतात त्याच दिशेने जातात. अशा वेळी आतल्या बाजूचे पुढील चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते, कारण त्याच्या मार्गाची त्रिज्या लहान असते. म्यूनिकचे गाडी-कारागीर गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी योजलेल्या अशा रचनेचे एकस्व त्यांच्या वतीने रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये लंडन येथे घेतले. आजही ती आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते.

वेग वाढला की केवळ ही भूमिती पुरत नाही. टायर लवचिक असल्याने आडवी प्रेरणा निर्माण करताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग पीळ खातो आणि चाक रोखलेल्या दिशेपेक्षा किंचित वेगळ्या दिशेने पुढे जाते. या दोन दिशांमधील कोनाला विचलन कोन म्हणतात. आरंभी हा कोन वाढेल तशी आडवी प्रेरणा जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. पुढे वाढ मंदावते व काही अंशांच्या कोनानंतर ती थांबते. त्यापलीकडे सुकाणू चक्र अधिक फिरवूनही गाडी अधिक वळत नाही.

टायरची पकड आडव्या व उभ्या प्रेरणांत वाटली जाते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पकडीचा ८० टक्के भाग वळण्यासाठी खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी सु. ६० टक्केच उपलब्ध राहतो. पूर्ण पकड वळण्यात खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी काहीच उरत नाही. भर वळणात जोराने ब्रेक दाबल्यास गाडी घसरते, ती याच कारणाने.

न्यूनवलन व अतिवलन : पुढील चाकांचा विचलन कोन मागील चाकांपेक्षा मोठा असल्यास गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते व तिचे नाक वळणाबाहेर सरकते; या प्रवृत्तीला न्यूनवलन किंवा अंडरस्टिअर म्हणतात. उलट मागील कोन मोठा असल्यास मागचा भाग बाहेर झुकतो व गाडी अपेक्षेपेक्षा अधिक वळते. हे अतिवलन किंवा ओव्हरस्टिअर होय. १९३० नंतरच्या दशकात जनरल मोटर्समधील अभियंते मॉरिस ऑली यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला.

बहुतेक उत्पादक गाडीला सौम्य न्यूनवलनाची प्रवृत्ती मुद्दाम देतात. घाबरलेला चालक स्वाभाविकपणे वेगवर्धकावरून पाय काढतो व सुकाणू चक्र अधिक फिरवतो. सौम्य न्यूनवलन असलेल्या गाडीत वेग कमी होऊन गाडी बहुधा पुन्हा मार्गावर येते. अतिवलनात हीच कृती घातक ठरते : वेगवर्धक सोडताच भार पुढील चाकांकडे सरकतो, मागील चाकांची पकड घटते आणि गाडी गिरकी घेऊ शकते. एंजिन मागे असलेल्या गाड्यांत हा धोका अधिक संभवतो. १९५९ मध्ये विक्रीस आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाडीच्या मागील आधारयंत्रणेवर राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये केलेली टीका गाजली व वाहनसुरक्षेचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. मात्र अमेरिकन शासनाच्या १९७२ मधील अहवालात ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा अधिक असुरक्षित नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. भारतात २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनो या मागे एंजिन असलेल्या गाडीचे पुढील टायर मागील टायरांपेक्षा अरुंद होते. अशा योजनेमुळे मागील चाकांची पकड तुलनेने अधिक राहते व अतिवलनाला आळा बसतो.

भाराचे स्थानांतर व उलटणे : गुरुत्वमध्य रस्त्यापासून उंच असल्यामुळे वळताना आतल्या चाकांवरील भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. वरील उदाहरणातील गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंमी. उंच व दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १४० सेंमी. असल्यास, ताशी ५४ किमी. वेगाला सु. १,७७० न्यूटन भार बाहेरच्या बाजूला जातो. भाराच्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही, ती त्याहून कमी वाढते; म्हणून बाहेरच्या टायरांचा लाभ आतल्या टायरांचा तोटा भरून काढीत नाही. सखल मोटारगाडी बहुधा उलटण्यापूर्वीच घसरते. याउलट उंचावर माल लादलेला ट्रक घसरण्याआधीच उलटू शकतो व चालकाला घसरण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव बाहेरच्या बाजूला उसळत असल्याने तेथे हा धोका आणखी वाढतो.

स्थैर्य-नियंत्रण : १९९५ मध्ये बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनी विजाणवीय स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा प्रचारात आणली. सुकाणू चक्राचा कोन, गाडीच्या वळण्याची गती व आडवा प्रवेग यांची तुलना करून ती आवश्यक त्या एकाच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर जात असल्यास ती सामान्यतः बाहेरच्या बाजूचे पुढील चाक रोखते व नाक बाहेर जात असल्यास आतल्या बाजूचे मागील चाक रोखते. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास ही गाडी स्वीडनमधील एका चाचणीत अचानक दिशा बदलताना उलटली. त्यानंतर तिच्या सर्व गाड्यांत ही यंत्रणा बसविण्यात आली. यूरोप व अमेरिका येथे नव्या मोटारगाड्यांत ती आता सक्तीची आहे.

ही यंत्रणा उपलब्ध पकडीचा अधिक चांगला उपयोग करून देते. नवी पकड निर्माण करीत नाही. म्हणून वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच वेग कमी करणे, वळणात तो स्थिर ठेवणे व रस्ता सरळ होऊ लागल्यावरच हळूहळू वाढविणे, ही पद्धत कोणत्याही गाडीला सर्वांत सुरक्षित ठरते.