एल, गढूळ ग्लास आणि काही पक्के गैरसमज

चाकणहून बदली होऊन मानेसरला आलेल्या मराठी इंजिनिअरला इथलं बरंच काही ओळखीचं वाटतं. गाड्यांचे कारखाने, सुट्या भागांचे पुरवठादार, हायवेवरची ट्रकची रांग. शनिवारी संध्याकाळी सहकारी त्याला एनएच 48 ने गुरुग्रामला नेतात आणि काचेपलीकडच्या स्टीलच्या उंच टाक्यांसमोर बसवतात. हेही त्याने पुण्यात पाहिलेलं असतं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरी, 2008-09 च्या सुमारास याच दोन शहरांत निघाल्या. पुण्यातली ‘डूलाली’ 2009 ची. त्या नावामागे आपलं नाशिकजवळचं देवळाली आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जायची वाट बघून कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे ‘डोकं फिरलेला’ अशा अर्थाने हा शब्द इंग्रजीत शिरला.

टेबलावरच्या गप्पांत मात्र दोन्ही शहरांत तेच समज ऐकू येतात. पहिला बिअरच्या दोन मुख्य प्रकारांबद्दलचा: एल काळी आणि कडू, लागर हलकी.

फरक रंगाचा नाही, यीस्टचा आहे. एलचं यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांच्या उबेत काम करतं आणि आठवड्याभरात बरंचसं उरकतं. लागरच्या यीस्टला 8 ते 13 अंशांचा गारवा लागतो, शिवाय बिअरला पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरावं लागतं. गुरुग्राममध्ये सर्रास मागवली जाणारी फिकट पिवळी जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर ही एलच आहे. ग्लास नाकाजवळ नेला की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल पडते.

बिअरची मूळ कृती मराठी घराला परकी नाही. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची, की बाळाचं नाचणीसत्त्व तयार. जवाला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात. हे माल्ट साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की गोड रस उतरतो. तो हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. जव हरियाणा-राजस्थानात पिकतं; हॉप्स बहुतेक परदेशातून येतात.

‘गढूळ आहे, म्हणजे बिघडली.’ गव्हाच्या बिअरबाबत हे साफ चुकीचं. ती गाळलेली नसते, त्यामुळे यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं तिच्यात तरंगत राहतात. बाटलीतली बिअर सहसा गाळतात आणि 60 अंशांच्या आसपास तापवून टिकाऊ करतात. टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरवर हा संस्कार झालेला नसतो, म्हणून ती ताजीच प्यावी लागते.

ग्लिसरीनची कथा तर कॉलेजच्या होस्टेलपासून पाठ असते: भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात, बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरली की ते खाली उतरताना दिसतं. दिसते ती बिअरच. ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून तिची धार खाली जाते. थोडं ग्लिसरॉल यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करतं, आणि ते जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये आणि वाइनमध्ये असतं.

छोट्या ब्रुअरीची बिअर जास्त चढते, हाही समज तपासण्यासारखा आहे. गव्हाच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 5 टक्के असतं. उलट भारतात सर्वाधिक खपते ती बाटलीबंद ‘स्ट्राँग’, आणि ती 8 टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत जाते.

‘बिअरने मुतखडा पडतो’ हा समज मात्र धोक्याचा आहे. लघवी वाढते हे खरं, पण अल्कोहोल शरीरातलं पाणी कमी करतं आणि बिअर युरिक अ‍ॅसिड वाढवते. काही खडे त्याचेच बनतात. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरतं हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवलं. ‘हाताने बनवलेली’ म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. कायद्यातही सूट मिळत नाही: हरियाणाने पिण्याचं किमान वय 2021 च्या दुरुस्तीने 25 वरून 21 केलं, सीमेपलीकडे दिल्लीत ते 25 आहे.

इंडिया पेल एल भारतात जन्मली, असंही अनेकांना वाटतं. ती इंग्लंडमध्येच बनायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा बिअर कारखानदार हॉजसन आणि पुढे इंग्लंडमधल्याच बर्टनचे कारखानदार ती जहाजाने मुंबई-कलकत्त्याला पाठवत. साधे सैनिक तर बरीचशी काळी पोर्टरच पीत, आणि तीही तो प्रवास नीट सोसायची.

मग भारताची स्वतःची प्रादेशिक बिअर कोणती? पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीने कोकमाची एल केली, ती दाद देण्याजोगीच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून झारखंडमध्ये हंडिया, लडाखमध्ये छांग आणि आसाम-अरुणाचलात आपोंग घरोघरी बनत आलं आहे. आपल्याकडे ‘गावठी’ म्हटलं की हातभट्टी डोळ्यांपुढे येते आणि ही पेयंही त्याच रांगेत बसवली जातात. तो अन्याय आहे. हातभट्टीची किंवा मोहाची दारू उकळून, तिची वाफ धरून काढतात. हंडिया आणि आपोंग नुसती आंबवतात, अगदी एलसारखी. शिजवलेल्या भाताला मोड येत नाहीत, म्हणून तांदळाचं पीठ आणि वनस्पती मळून केलेल्या वड्या त्यात कुस्करतात. त्यातली बुरशी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट तिचं अल्कोहोल. हंडियाच्या वडीला राणू म्हणतात. आसाममधल्या दिमासा समाजाच्या वडीचं नाव हुमाओ, आणि तिच्यात थेंब्रा नावाच्या जंगली वेलीची साल पडते. त्या वडीने आंबवलेल्या जुडिमा या पेयाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ईशान्य भारतातल्या पारंपरिक मद्याला मिळालेलं ते पहिलं मानांकन.