बिबट्या शेजारी असताना

तळेगाव–चाकण रस्त्यावरच्या इंदुरीसारख्या गावांत शेतीला खेटून सोसायट्या उभ्या राहत आहेत. पुणे जिल्ह्यात बिबट्या उसाच्या फडातही राहतो, तिथेच मादी पिल्लं वाढवते. वस्तीकडे त्याला ओढतात ती मुख्यतः उघड्यावरच्या खरकट्यावर पोसलेली भटकी कुत्री. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून कचराकुंडीला झाकण, हा माझ्या मते पहिला उपाय.

शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात हव्यात. अंधार पडल्यावर लहान मुलं अंगणातही एकटी नकोत. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान सावज वाटू शकतं, त्यामुळे पहाटे उघड्यावर बसणं टाळा. टॉर्च बाळगा, मोठ्याने बोलत चला. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका; पाठ न दाखवता मागे सरका. व्हिडिओसाठी घेराव घालणं तर जिवावर बेतणारं. वनविभागाची हेल्पलाइन: १९२६.

‘पकडून लांब सोडा’ ही मागणी समजण्यासारखी आहे. पण जुन्नर भागात २००१ नंतर नेमकं तेच झालं आणि माणसांवरचे हल्ले वाढले.