मेंदूची साक्ष आणि संमतीचा प्रश्न

प्रा. चंपाडी रामन मुकुंदन हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख होते. रुग्णांच्या मेंदूच्या अभ्यासात मुरलेल्या या प्राध्यापकांनी पुढे गुन्हे-तपासासाठी एक चाचणी सिद्ध केली. संशयिताच्या डोक्यावर तारांची टोपी चढवतात, डोळे मिटून बसवतात आणि ‘मी विष विकत घेतले’ अशा धाटणीची वाक्ये ऐकवतात. त्याने बोलायचे नाही. केलेल्या कृत्याची आठवण मेंदूच्या विद्युत-स्पंदनांत उमटते, असा दावा. ऐकलेली गोष्ट आणि केलेली गोष्ट यांतला फरक यंत्राला कळतो काय? तरी जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप देताना या चाचणीचाही आधार घेतला. त्याच वर्षी निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने चाचणी अशास्त्रीय ठरवली.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितले, की नार्को, लाय-डिटेक्टर वा मेंदूची चाचणी सक्तीने घेणे हा घटनेच्या कलम २०(३) व २१ चा भंग आहे. संमती असेल तर मात्र दार उघडेच. पुण्यातील त्या तरुणीनेही संमती दिली होती! चोरीच्या संशयावरून चाकणला उचललेला कंत्राटी कामगार, किंवा इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्याच्या पणजोबाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले तो पारधी, कोठडीत ‘नाही’ म्हणू शकेल काय? त्याचा नकारच संशय वाढवील. मेंदूचे आलेख शिकवणाऱ्या प्राध्यापकाने त्याच तासाला हेही शिकवायला हवे, की अशी संमती दंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाच्या उपस्थितीत नोंदवावी लागते. पोलिसापुढे उठवलेला अंगठा पुरत नाही.