शेवटच्या आजारातील शुश्रूषा : सेवाकेंद्राची पारख कशी करावी?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत असा विचार पुढे आला की, कल्याण निधीतील काही रक्कम आपल्या भागातील एका हॉस्पिसला द्यावी. रक्कम देण्यापूर्वी ते केंद्र पाहून अहवाल द्यावा म्हणून तिघांची समिती नेमण्यात आली. आम्ही बँकेत कारकून. कागद तपासण्याची सवय आहे म्हणून समितीत आमचे नाव आले असावे. वैद्यकाचे ज्ञान आम्हांस नाही. परंतु या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना व परिचारिकांना जे विचारले आणि त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात जे भोगले, ते सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे या हेतूने हा लेखनप्रपंच.

हॉस्पिस म्हणजे काय?

ज्या रुग्णाचा आजार आता बरा होण्यासारखा नाही, त्याच्या वेदना कमी करणे, त्याला स्वच्छ ठेवणे, त्याच्याशी व त्याच्या घरच्यांशी बोलणे आणि राहिलेले दिवस मानाने जाऊ देणे, हे ज्या ठिकाणी केले जाते ते हॉस्पिस. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. आधुनिक चळवळ तेथून वाढली असे मानतात. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच निघाले. ते म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ साली सुरू झाले. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली निघालेल्या एका छोट्या दवाखान्यातून तर लोकांनीच चालवलेली घरोघरची शुश्रूषा उभी राहिली आणि २००८ साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरण आखले.

असे असूनही गरज फार मोठी व सेवा फार थोडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा शुश्रूषेची गरज असते आणि ती मिळते त्यांतील सुमारे १४ टक्क्यांना. ही गरज केवळ कर्करोगाच्या रुग्णांनाच असते असेही नाही. मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस यांचे शेवटच्या टप्प्याचे आजार, अर्धांगवायू, एड्स या सर्वांत ती असते.

घरचा अनुभव

२०१६ साली आमच्या थोरल्या आत्यांना स्तनाचा कर्करोग हाडांत उतरल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले. घर दोन खोल्यांचे, त्यातून त्यांचे कण्हणे शेजारपाजारी ऐकू जाई. चौकशी करून आम्ही त्यांना एका केंद्रात ठेवले. त्याचे नाव येथे घेत नाही. फरशी चकचकीत, भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, प्रत्येक खोलीत दूरदर्शन संच. आम्ही एकमेकांना म्हणालो, "जागा चांगली मिळाली."

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आत्यांचे दुखणे वाढले. ड्यूटीवरच्या मुलीने सांगितले, औषध कपाटात आहे, कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे आहे आणि डॉक्टर सकाळी नऊला येतील. ते सात तास आम्ही विसरू शकलेलो नाही. फरशी त्या रात्रीही चकचकीतच होती.

अकराव्या दिवशी आत्यांना दुसऱ्या ठिकाणी हलवले. तेथील इमारत जुनी, पावसात एका कोपऱ्यात गळणारी. पण दाखल करून घेताच तेथील सिस्टरने खाटेवर टेकून विचारले, "आजी, दुखतंय किती? दहापैकी किती म्हणाल?" आत्यांना ते उमगेना. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बरं, रुपयाला किती आणे दुखतंय?" आत्या लगेच म्हणाल्या, "चौदा आणे." सिस्टरने ते लिहून घेतले, औषध दिले आणि तासाभराने पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारला. चौथ्या दिवशी आत्या "चार आणे" म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागितला. शेजारच्या मुलीचे लग्न ठरले का, याची चौकशी केली. पुढे पंधरा दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. मरण दोन्ही ठिकाणी अटळच होते. फरक होता तो त्या आण्यांचा. शुश्रूषेची पारख म्हणजे काय, हे आम्ही त्या सिस्टरकडून शिकलो.

जुनी कसोटी

ही पारख काही नवी नाही. हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या, कोणीही विचारत नसलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वहस्ते धुऊन काढले, ही कथा आपणांस माहीत आहे. विनयपिटकाच्या महावग्गात त्याच प्रसंगापाठोपाठ चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय मानवते व काय मानवत नाही हे त्याला कळावे, तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा, मलमूत्र व वांती काढण्याची त्याला किळस नसावी आणि वेळोवेळी चार शब्द बोलून रुग्णाला धीर देता यावा. आम्ही डॉक्टरांना विचारून जी प्रश्नावली तयार केली, ती शेवटी या पाच कलमांच्या फारशी बाहेर गेली नाही, याचे आम्हांलाच नवल वाटले.

केंद्र पाहताना काय विचारावे?

१) वेदना मोजतात का व लिहितात का? वेदना डोळ्यांना दिसत नाही, ती रुग्णालाच विचारावी लागते. दिवसातून ठराविक वेळा विचारून आकडा लिहिलेला असावा आणि औषध दिल्यानंतर पुन्हा विचारलेले असावे. केसपेपर पाहण्यास रुग्णाची व केंद्राची परवानगी लागते. ती न मिळाल्यास कोरा नमुना तरी पाहावा.

२) मॉर्फिन आहे का? तीव्र वेदनेवर हे मुख्य औषध होय. त्याची साधी गोळी चार-चार तासांनी, घड्याळ पाहून द्यावयाची असते. दुखू लागल्यावर मागून घ्यावयाची नसते. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिल्यास रुग्ण व्यसनी होईल ही भीती अनाठायी आहे, असे डॉक्टर सांगतात. मात्र त्यामुळे बद्धकोष्ठता बहुधा होतेच, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध दिले जाते की नाही, हेही विचारावे. पूर्वी १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे अनेक परवाने लागत व केंद्रे मॉर्फिन ठेवण्यास कचरत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी झाली. त्यामुळे 'कायद्याची अडचण आहे' हे उत्तर आता पटण्यासारखे नाही.

३) रात्री कोण असते? किल्ली कोणाकडे असते? या प्रश्नाचे कारण वर आलेच आहे.

४) अंगाची निगा कशी आहे? अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला व टाचांना जखमा होतात. तोंड स्वच्छ आहे का, ओठ कोरडे पडलेत का, हे पाहावे. कर्करोगाच्या उघड्या जखमेला दुर्गंधी येते आणि त्यामुळे नातेवाईकही दूर बसतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरून हा वास बराच कमी करता येतो. उपाय स्वस्त आहे. तो ठाऊक असणारा माणूस तेथे हवा.

५) रुग्णाशी खरे बोलतात का? सगळे जाणतात आणि रुग्णालाच सांगत नाहीत, असे आपल्याकडे फार घडते. रुग्णाला जेवढे जाणून घ्यावयाचे आहे तेवढे हळुवारपणे सांगणारे कोणी आहे का? कृत्रिम श्वासयंत्रासारखे उपचार नकोत, असे आगाऊ इच्छापत्र करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला व २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. केंद्रातील लोकांना हे माहीत असावे.

६) माणसामाणसांत भेद होतो का? जात, धर्म, आडनाव, खिसा यांवरून खाट खिडकीपाशी की संडासापाशी हे ठरत नाही ना, हे बारकाईने पाहावे. प्रार्थना असल्यास ती रुग्णाच्या इच्छेने असावी. एड्सच्या रुग्णाला वेगळी वागणूक मिळत नसावी.

७) घरच्यांचे काय? बहुतेकांना शेवटचे दिवस घरीच काढावेसे वाटतात. केंद्राची माणसे घरी येतात का, कूस बदलणे, जखम पुसणे घरच्यांना शिकवतात का, रात्री फोन उचलतात का? मृत्यूनंतर महिन्याभराने कोणी विचारपूस करते का?

८) हिशेब स्वच्छ आहेत का? विश्वस्त संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, प्रत्येक देणगीची पावती. ताळेबंद वाचताना पगारावर किती व बांधकामावर किती, हे अवश्य पाहावे. शुश्रूषा माणसे करतात, भिंती करीत नाहीत.

कशावरून पारख करू नये?

मृत्यूंच्या संख्येवरून करू नये. तेथे येणारा रुग्ण जाण्यासाठीच आलेला असतो. तो कसा गेला, हे विचारावे. पाट्यांवरून, फोटोंवरून, पाहुण्यांच्या शेरेबुकावरून करू नये. आधी कळवून सकाळी अकरा वाजता गेल्यास सर्व काही छानच दिसते. शक्य तर परवानगी घेऊन संध्याकाळी सातनंतर जावे, एखाद्या नातेवाईकाशी बाहेरच्या बाकावर बसून बोलावे आणि मावशींना विचारावे. चादरी किती आहेत, हे मावशींइतके कोणालाच माहीत नसते.

येथे आपल्याही पदरी दोष आहे, तो कबूल करू. जयंतीच्या दिवशी आपण कित्येक वर्षे त्याच केंद्रात फळे वाटत आलो. हार, बॅनर, फोटो. ज्याला घोटभर पाणी गिळता येत नाही त्याच्या उशाशी आपण सफरचंद ठेवून आलो आहोत. तेथील सिस्टर काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा होय.

आम्हांस काय आढळले?

आमच्या समितीने ते केंद्र तीन वेळा पाहिले, त्यांतील एकदा रात्री. खाटा पंधरा. मॉर्फिन आहे, किल्ली सिस्टरकडे असते, जखमांची निगा उत्तम, हिशेब चोख. दोष एकच, पण मोठा. वेदनेच्या तक्त्यात सकाळी आठ, दुपारी दोन व रात्री आठ हे रकाने भरलेले. त्यापुढे सकाळपर्यंत सर्व कोरे. आम्ही विचारले, तेव्हा व्यवस्थापकांनी काहीही न लपवता सांगितले, "साहेब, रात्री पंधरा खाटांना एकच सिस्टर. तिने पेशंट बघावा की वही लिहावी?"

बँकेत कोरा रकाना दिसला की आम्ही शाखाधिकाऱ्यांना कळवतो. येथे तो आपणां सर्वांना कळवीत आहोत. आपल्या काही ज्येष्ठ सभासदांची इच्छा अशी आहे की, मंडळाच्या देणगीतून प्रवेशद्वार बांधावे व त्यावर मंडळाचे नाव कोरावे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु समितीची शिफारस अशी आहे की, ही रक्कम रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेच्या पगारासाठी द्यावी आणि वर्षअखेरीस ते रात्रीचे रकाने भरले गेले की नाही, हे आपण पुन्हा जाऊन पाहावे. पगारावर नाव कोरता येत नाही, हे खरे आहे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी या शाखेचा जरूर विचार करावा. इतरांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी पुष्कळ. पत्र वाचून दाखवणे, केस विंचरणे, नुसते जवळ बसणे हीदेखील शुश्रूषाच होय.

सर्वसाधारण सभेत या विषयावर निर्णय व्हावयाचा आहे. सभासदांनी त्यापूर्वी एकदा तरी ते केंद्र स्वतः पाहावे, शक्यतो दिवस मावळल्यावर, आणि मग मत द्यावे, एवढीच अपेक्षा.