‘सर, दोनच मिनिटं बोलू का?’

कॉलेज संपत आलं, राजारामपुरी नाहीतर शाहूपुरीत रूम आहे आणि घरून पैसे मागायची लाज वाटायला लागली, की ‘टेलिकॉलर पाहिजेत, अनुभवाची अट नाही’ ही जाहिरात आपोआप दिसायला लागते. पदाचं नाव एकदम भारी : इन्शुरन्स स्पेशालिस्ट, लोन अॅडव्हायझर. काम तेच. हेडफोन, नंबरांची यादी, स्क्रिप्ट आणि टार्गेट.

पहिली पंचाईत भाषेची. आपल्याकडच्या पोरी बिनधास्त ‘मी येतो, मी सांगतो’ म्हणतात आणि स्क्रिप्टमध्ये असतं ‘मी बोलतेय’. जीभ अडखळतेच! पण कागल-गडहिंग्लजकडचा ग्राहक ‘बघतो की’ म्हणाला, तर ते ‘नाही’ असतं, हे बाहेरच्या ट्रेनरपेक्षा आपल्याला आधी कळतं. नकार ऐकून ऐकून भीडही चेपते. इथवर नोकरी वाईट नाही.

खरा घोळ पुढं आहे. फोन करायचा कुणाच्या नंबरवरून?

‘ट्राय’च्या नियमानुसार विक्रीचे कॉल नोंदणी करून, १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असतात. आता १४० दिसलं की कोण उचलतंय? मग काही ठिकाणी सांगतात, ‘तुझ्याच सिमवरून कर, रिचार्ज आम्ही मारतो.’ फुकट रिचार्ज म्हणून बरं वाटतं. पण सिम आपल्या नावावर असतं आणि वैतागलेला ग्राहक १९०९ वर तक्रार करू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा तसंच झालं तर त्या माणसाच्या नावावरची सगळी कनेक्शन्स वर्षभर बंद, कंपनी बदलूनही उपयोग नाही. त्याच नंबरवर आपलं यूपीआय चालतं, बँकेचा आणि महाडीबीटीच्या स्कॉलरशिपचा ओटीपीही तिथंच येतो. टार्गेट कंपनीचं, नंबर आपला!

विमा विकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. पॉलिसी हातात पडल्यावर ग्राहकाला ती परत करायला ३० दिवस मिळतात. ‘परतावा पक्का’ असं काहीतरी ठोकून दिलेली पॉलिसी महिन्यात परत येऊ शकते. मग इन्सेंटिव्ह कापला जातो का, हे आधीच विचारा. कॉल रेकॉर्ड होत असेल, तर त्यात आवाज तुमचाच असतो.

तेव्हा मुलाखतीला गेलात की एवढं विचाराच : कॉल १४० वरून की माझ्या सिमवरून? फिक्स पगार किती, इन्सेंटिव्ह कशावर, आणि हे लेखी देणार का? ट्रेनिंगच्या नावाखाली डिपॉझिट मागितलं, तर चहा आला असेल तो प्या आणि उठा.