डॉक्टरांची नाडी कोण पाहणार?

ताप मोजायला थर्मामीटर असतो, वजन करायला काटा असतो. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब कसा मोजतात, तेही तुम्ही पाहिलं असेल. पण 'मला फार काळजी वाटतेय' किंवा 'मी पार थकून गेलोय' हे कशाने मोजायचं?

'छे! असलं काही मोजता येतं का?' असं तुम्ही म्हणाल. येतं, बरं का! त्याला ना पारा लागतो, ना विजेच्या तारा. लागतात ते नीट विचारलेले प्रश्न आणि पुष्कळ माणसांनी दिलेली खरी उत्तरं.

अमेरिकेतले डॉ. टेट शानाफेल्ट गेली वीस-पंचवीस वर्षं हेच मोजत आले आहेत. ते रक्ताच्या कर्करोगाचे तज्ज्ञ. त्यांनी आधी डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि पुढे रुग्णांनाही. आता रुग्णांचं दुखणं वेगळं आणि डॉक्टरांचा थकवा वेगळा, असं आपल्याला वाटेल. पण दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले निघाले!

रिपोर्ट ठीक, मन मात्र धास्तावलेलं

आधी रुग्णांचं पाहू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणं हे त्यांचं काम. 'क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया' या लांबलचक नावाच्या कर्करोगात त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी बिघडतात आणि वाढतच जातात. हा आजार बहुधा उतारवयात होतो आणि पुष्कळदा अगदी सावकाश पुढे सरकतो. म्हणून बऱ्याच रुग्णांना डॉक्टर लगेच औषध सुरू करत नाहीत. ठरावीक दिवसांनी तपासतात आणि लक्ष ठेवतात.

वैद्यकशास्त्राप्रमाणे हे बरोबरच आहे. पण रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. 'तुम्हाला कर्करोग आहे, पण सध्या औषध नाही' हे ऐकून घरी जायचं! रात्री झोप लागेल का?

शानाफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४८२ रुग्णांना प्रश्न विचारले. हे रुग्ण वेगवेगळ्या देशांतले होते. रोजची कामं जमतात का? घरच्यांचा आधार वाटतो का? मन उदास असतं का? कशाची भीती वाटते? या सगळ्याला मिळून 'जगण्याची प्रत' म्हणता येईल. माणूस किती वर्षं जगतो एवढंच पाहायचं नाही, तर कसा जगतो हेही पाहायचं.

२००७ साली निष्कर्ष छापून आले. शरीराचं बळ, कामं करण्याची ताकद, घरच्यांशी नातं यांत हे रुग्ण सर्वसामान्य माणसांच्या बरोबरीचे किंवा थोडे सरसच होते. मनाचे गुण मात्र एकदम खाली! इतर प्रकारचे कर्करोग झालेल्या रुग्णांपेक्षाही खाली. रक्ताच्या रिपोर्टात हे कुठून दिसणार?

पुढे २००९ मध्ये याच रुग्णांच्या उत्तरांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. 'माझा आजार कुठवर आलाय, हे डॉक्टरांना कळतं' असं शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांना वाटत होतं. पण 'या आजाराने मला किती काळजी वाटते, किती थकवा येतो, हेही त्यांना कळतं' असं म्हणणारे शंभरात सत्तरही नव्हते. 'अहो, हा तर चांगला कर्करोग!' असं ज्यांना डॉक्टरांकडून ऐकायला मिळालं होतं, त्यांच्या मनाचे गुण उलट कमीच होते. डॉक्टर धीर द्यायलाच तसं म्हणाले असतील. पण ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? आपली भीती कुणी ऐकूनच घेतली नाही, असंच ना?

तेल संपलेली वात

रुग्णाची भीती ऐकून घ्यायची, तर डॉक्टरांच्या अंगात त्राण आणि मनात जागा हवी. ती नसेल तर?

समईतलं तेल संपलं की वात स्वतःच जळायला लागते. माणसाचंही तसंच होतं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत. तिथे मोठ्या उत्साहाने सेवा करायला आलेली माणसं साधारण वर्षभरात चिडचिडी आणि निरुत्साही होत जातात, हे त्यांनी पाहिलं. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. त्यातला शब्द होता 'बर्नआउट', म्हणजे जळून विझून जाणं.

मग हे मोजायचं कसं? ते काम केलं क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी. १९८१ साली त्यांनी २२ वाक्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक वाक्यापुढे शून्य ते सहा यांतला आकडा लिहायचा. 'असं कधीच वाटत नाही' तर शून्य, 'रोज वाटतं' तर सहा. त्यातून तीन गोष्टी कळतात. मन किती थकलंय? समोरचा माणूस माणूस न वाटता नुसती 'केस' वाटायला लागलाय का? आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय, असं अजून वाटतं का?

सिॲटलचे ११५ डॉक्टर

आपल्याकडे केईएम किंवा ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांत 'निवासी डॉक्टर' असतात. एमबीबीएस होऊन ते पुढचं शिक्षण घेत असतात आणि वॉर्डात रात्रंदिवस राबतात. अमेरिकेतही तसेच असतात. सिॲटल शहरातल्या अशा ११५ डॉक्टरांनी शानाफेल्ट यांच्या प्रश्नांना नाव न लिहिता उत्तरं दिली. २००२ साली निकाल जाहीर झाला. ११५ पैकी ८७ जण, म्हणजे शंभरात शहात्तर, 'बर्नआउट'च्या खुणा दाखवत होते!

आणखी एक प्रश्न होता : आपण रुग्णाची हवी तशी काळजी घेतली नाही, असं महिन्यातून एकदा तरी घडतं का? रुग्णाच्या शंकांना पूर्ण उत्तरं न देणं वगैरे त्यात आलं. थकून न गेलेल्यांपैकी २१ टक्के 'हो' म्हणाले. थकलेल्यांपैकी किती? ५३ टक्के!

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी म्हणेल, 'थांबा! थकल्यामुळे चुका होतात, की चूक झाली म्हणून माणूस खचतो?' शाबास, शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. म्हणून मेयो क्लिनिक या रुग्णालयात निवासी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून त्यांचा मागोवा घेतला गेला. २००६ साली उत्तर मिळालं : दोन्ही! मोठी चूक झाली असं वाटलं की डॉक्टर खचतात, आणि खचलेल्या डॉक्टरांना पुढे पुन्हा चूक झाल्याचं जास्त वेळा जाणवतं. झालं दुष्टचक्र सुरू.

'मीच कमी पडलो'

२०१० साली अमेरिकेतल्या ७९०५ शल्यविशारदांची, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची, पाहणी प्रसिद्ध झाली. गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून मोठी चूक झाली असावी, असं सुमारे नऊ टक्के जणांनी कबूल केलं. त्यांतल्या सत्तर टक्क्यांनी दोष स्वतःला दिला, कामाच्या रचनेला नाही.

पण सगळा दोष त्यांचाच असेल का हो? अमेरिकेतल्या डॉक्टरांवर घड्याळ लावून केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णासमोर एक तास घालवला, की जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि कागदपत्रं यांत जात होते! २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केलं, की 'बर्नआउट' हा आजार नव्हे, तो कामाशी जोडलेला प्रकार आहे. म्हणजे नुसतं 'मन खंबीर करा' म्हणून भागत नाही. काम बदलावं लागतं.

किती बदलायचं? २००९ सालच्या एका पाहणीत, मनापासून आवडणारं काम आठवड्यातून साधारण एक दिवसही न मिळणाऱ्या डॉक्टरांपैकी ५४ टक्के थकलेले होते. तेवढा वेळ मिळणाऱ्यांत हेच प्रमाण ३० टक्के होतं. एक दिवस, पण केवढा फरक! मेयो क्लिनिकमध्ये ७४ डॉक्टरांवर एक प्रयोगही झाला. त्यातल्या निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी कामाच्या वेळातलाच एक तास मोकळा दिला आणि छोट्या गटांत मनातलं बोलायला बसवलं. कामात पुन्हा अर्थ वाटायला लागला आणि रुग्णांपासून आलेलं तुटलेपण कमी झालं, असं २०१४ साली दिसून आलं.

शानाफेल्ट २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. डॉक्टरांच्या स्वास्थ्याची काळजी घेणारा प्रमुख अधिकारी, असं त्यांचं पद होतं. रुग्णांच्या तापाचा तक्ता असतो ना, तसा डॉक्टरांच्या थकव्याचाही तक्ता ते आणि त्यांचे सहकारी दर काही वर्षांनी मांडतात. अमेरिकेत 'बर्नआउट'ची खूण दिसणारे डॉक्टर २०२० साली ३८ टक्के होते. कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, ते ६३ टक्के झाले. २०२३ मध्ये पुन्हा ४५ टक्क्यांवर उतरले. आकडा चढतो, तसा उतरतोही! म्हणूनच तो मोजत राहायचा.

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा नुसतं 'पोट दुखतं' म्हणून थांबू नका. त्यामुळे झोप लागत नाही, शाळेत लक्ष लागत नाही, भीती वाटते, हेही सांगा. आईबाबांनो, तुम्हीसुद्धा! प्रश्न आधीच चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे डॉक्टरांच्या घाईतही एखादा राहून जाणार नाही.

आणि घरी एक गंमत करा. वहीत आठवड्याचे सात रकाने आखा. घरातल्या प्रत्येकाने रोज रात्री आपल्या थकव्याला शून्य ते सहा यांतला एक आकडा द्यायचा. खरा, बरं का! रविवारी वही उघडा. आईच्या रकान्यात रोजच पाच किंवा सहा दिसले, तर 'आई, दमू नकोस' एवढंच म्हणून भागणार नाही. तिचं कुठलं काम कोण घेणार, ते तिथेच बसून ठरवा. पुढच्या रविवारी आकडा उतरलेला दिसतो का, पाहा बरं!